चौथ्या गाठीच्या वर

मेहरूण, जळगाव
१९ जून १९८८

यशोदा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या कार्डावर तीन शब्द, 'तिला कापू नकोस.' खाली सहीसुद्धा नाही. उघडं कार्ड, पोस्टमनने वाचलंच असणार. देताना त्याने माझ्याकडे मी कोणी खाटीक असल्यासारखं बघितलं. पुढच्या वेळी निदान आंतर्देशीय पत्र वापर.

आणि उशीर झाला. कापून झालं. गेल्या रविवारी सकाळी छाटणी केली.

तू तिकडे साक्री तालुक्यात आश्रमशाळेच्या पोरांना चित्रकला शिकवतेस. इकडे काय अवस्था होते ते तुला दिसत नाही. पिंपळ आहे तो, यशोदा. एक पाऊस पडला की हातभर वाढतो. नऊ रोपं मी कोर्टाच्या, शाळेच्या, विहिरीच्या भिंतींतून उपटून आणली. लोकांनी हसत दिली, कारण पिंपळ कापायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. पाच रोपं एका पायात, चार दुसऱ्यात, कमरेपाशी सगळी एकत्र, खांद्यापाशी दोन-दोन बाहेर काढून हात, उरलेल्या पाचांचं डोकं. कागदावर तू काढलेलं चित्रच मी अजून वापरतो. खोडं आता एकमेकांना चिकटलीत. चिंध्यांनी बांधलेलं सोडलं तरी सुटत नाहीत. लांबून पाहिलं तर सहा वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून तलावाकडे बघत उभी आहे, एवढं कळतं. छाटली नाही तर दोन महिन्यांत ते नुसतं झुडूप होईल.

मी अंदाजाने कापत नाही. माझ्याकडे सुतळी आहे. त्या दिवशी आपल्या जुईला उभं करून घेतलेलं माप, गाठी मारलेलं. ती सुतळी खोडाला लावतो, आणि तिच्यावर गेलेलं तेवढंच काढतो. जुई जेवढी होती तेवढीच राहील. एक बोट जास्त नाही, एक बोट कमी नाही. यात तुझा आक्षेप कशाला आहे ते मला खरंच कळत नाही.

ती आज असती तर आठ वर्षांची असती, हे तू लिहिलं नाहीस. पण त्या तीन शब्दांत तेच होतं. मला कळतं. तीन वर्षं चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला, ए.टी.डी.ला, एका बाकावर बसलोय आपण.

आई इथेच आहे. तब्येत बरी.

भिकन

•

मेहरूण
२५ सप्टेंबर १९८८

यशोदा,

पत्र नाही. हरकत नाही, मीच लिहितो.

पोळ्याला आपली गवताची म्हैस संपली. चिखलाची म्हैस करून तिच्या अंगावर गवत पेरलं होतं, ती. चार वर्षं टिकली. यंदा कोणाच्या तरी खऱ्या म्हशीने ती सकाळच्या वेळेत पाठीपासून पोटापर्यंत चरून टाकली आणि वर शिंगं घासून डोकं पाडलं. झुलाल माळी हाकलायला धावला तेव्हा ती आपल्या म्हशीच्या मानेवर पाय देऊन उभी होती. तू असतीस तर हसली असतीस. मी उभा राहून बघितलं. मग घरी आलो आणि चाचणीचे पेपर तपासले.

काड्यांच्या सांगाड्यावर दुधीचा वेल चढवून केलेली म्हातारी मात्र जोरात आहे. यंदा तिला अकरा दुधी लागले. जुई तिला आजी म्हणायची आणि आई चिडायची, आठवतं? आता आई स्वतःच तिच्याकडे जाऊन भाजीला दुधी तोडून आणते.

आईचा राग माझ्यावर आहे. छाटणीच्या दिवशी ती दारात बसली आणि म्हणाली, "पिंपळले कोनी कापस का रे? हात झडतीन." मी म्हटलं, झडू दे. मग ती तिच्या नेहमीच्या वाटेला लागली. माझ्या आधीची तीन गेली, म्हणून मला भिकन नाव ठेवलं, भीक मागून आणलेला, म्हणजे कोणाची नजर लागू नये. "तू भिकन शे म्हनीसन जगना. तिले फूलनं नाव कसाले ठेवं? सुपडी म्हन, असं मी सांगं होतं." आपण दोघं तेव्हा किती हसलो होतो. सुपडी, सुपात घालून टाकलेली. शाळेच्या हजेरीत कसं दिसेल म्हणून.

नावाने काही होत नसतं. तुला शंभरदा सांगितलंय, शुक्रवारी संध्याकाळी ताप आला, शनिवारी सकाळी दवाखाना गाठला, रविवारी सगळं संपलं. मेंदूचा ताप होता. त्याला कोण काय करणार. तू धुळ्याला कोर्सला नसतीस, इथे असतीस, तरी काय फरक पडला असता? तू स्वतःला लावून घेऊ नकोस, एवढंच म्हणायचंय.

भंवरलालजी आले होते. डाळमिलचा व्याप मुलांवर सोपवलाय, त्यामुळे रोज सकाळी प्लॉटवर चक्कर. पोरीपुढे उभे राहतात, हात जोडतात. मला म्हणाले, "मास्तरसाब, जमीन दिली ती दिली, बनवा खुशाल. पण हरी डाल कापाल तो दिवस मला सांगून ठेवा. मी त्या दिवशी इकडे यायचा नाही." तुझ्या बाजूचे निघाले.

भिकन

•

मेहरूण
८ जानेवारी १९८९

यशोदा,

थंडी पडली आहे. पिंपळाची पानं गळताहेत. डोकं जवळजवळ उघडं झालं. आई म्हणते टोपडं घाल. मी घातलं नाही.

तुला विचारायचं होतं, तो पांढरा फ्रॉक तुझ्याकडे आहे ना? पंधरा ऑगस्टसाठी शिवत होतीस तो. पेटीत सापडत नाही. मला हवाय असं नाही. नुसतं विचारलं.

भिकन

•

मेहरूण
२० ऑगस्ट १९८९

यशोदा,

फ्रॉक तुझ्याकडे आहे हे कळलं. तुरपाई अर्धीच राहिलीय आणि ती तू पुरी करणार नाहीस, हेही कळलं. ठीक.

तिच्या जाण्याची दहा तारीख आली आणि गेली. मला काही वाटलं नाही, खरं सांगतो. शाळेत गेलो, आठवीला स्थिरचित्र दिलं, दोन वांगी आणि तांब्या. एका पोराने तांब्याची सावली वांग्याच्या उलट्या बाजूला काढली म्हणून त्याच्यावर ओरडलो. एवढंच झालं त्या दिवशी. तीन वर्षांत मी रडलेलो नाही. आधी वाटायचं, येईल कधीतरी. आता वाट बघत नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं आहे, आणि सवय झाली आहे.

पण एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून पत्र. तुझ्या मागच्या कार्डावर तू लिहिलंस, 'तिला वाढू दे. नऊ वर्षांची दिसू दे.' मी ते वाचून शांतपणे ठेवून दिलं होतं. कापू नको म्हणजे तुला हे हवं होतं, दरवर्षी इथे येऊन ती केवढी झाली ते बघायचं. मी त्याला घाबरत होतो. ती माझ्या खांद्याला लागेल, मग माझ्यापेक्षा उंच होईल, आणि मला ओळखणार नाही. तुला हसू येईल, पण म्हणून मी कापत होतो.

परवा झुलालने कुंपणाची तार बसवायला पोरीच्या गुडघ्याजवळ खिळा मारला. मी त्याच्यावर तुटून पडलो. म्हटलं, काढ आधी, झाड वाढलं की खिळा वर जाईल, साल फाटेल. तो म्हणाला, "खिळा वर नही जास मास्तर. झाड शेंडाथीन वाढस. खाले नुसतं जाडं व्हस."

म्हणजे बघ. आपण दोघं चित्रकलेची पदविका घेतलेले, सहा वर्षं मातीत आणि झाडांत हात घातलेले, आणि ही साधी गोष्ट आपल्या डोक्यात आली नाही. जिथे गुडघा बांधला तिथेच गुडघा राहणार. कंबर तिथेच, खांदा तिथेच. मी कापलं काय, न कापलं काय. तुझी नऊ वर्षांची पोर कधीच होणार नव्हती, आणि माझी सहा वर्षांचीही राहणार नाही. पाय जाड होत जातील, आणि वर झाड होईल. माणसाचं पोर झाडासारखं वाढत नाही हे आपल्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आपण ज्याच्यावरून दोन वर्षं एकमेकांशी बोललो नाही, ते नव्हतंच.

तरी यंदाही जूनमध्ये छाटणी केली होती. सुतळी लावून. सवय.

कापल्यावर पांढरा चीक निघतो. हाताला चिकटला की दोन दिवस जात नाही.

भिकन

•

मेहरूण
११ मार्च १९९०

यशोदा,

पुण्याहून तिघं आले होते, कुठल्याशा कलासंस्थेचे. कोणीतरी त्यांना आपल्या कामाबद्दल सांगितलं. दिवसभर फोटो काढले. 'जिवंत शिल्पं' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की झुलालही वापरायला लागलाय. दुधीची म्हातारी आवडली, बांबूचा झोपलेला माणूस आवडला, पण पोरीपुढे जाऊन थांबले. पिंपळाला नुकती तांबूस पालवी आली आहे, डोकं सगळं तांबडं झालंय, उन्हात छान दिसतं. त्यातली एक बाई म्हणाली, किती निरागस उभी आहे, आत्ता काहीतरी बोलेल असं वाटतं. शीर्षक विचारलं. मी म्हटलं, शीर्षक नाही. मॉडेल कोण होतं? म्हटलं, शेजारची एक मुलगी.

हे तुला सांगतोय कारण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी असं का म्हटलं मला माहीत नाही. ते त्यांच्या पुस्तकात छापणार आहेत. तुझंही नाव द्या म्हणून सांगितलंय, रेखाटन तुझं आहे.

त्याच दिवशी तुझं आंतर्देशीय आलं. अखेर कार्ड सोडलंस. तीनदा वाचलं. या अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, तू येणार. आईला वाचून दाखवलं तर ती चुलीपुढून उठली आणि लगेच गहू निवडायला बसली, गौराईच्या टोपलीत पेरायला. अजून दीड महिना आहे म्हटलं तर ऐकेना. लेकी-सुना आखाजीला घरी येतात, झोके बांधतात, तिच्या डोक्यात तेवढंच. लिंबाला झोका बांधायचा म्हणून मला दोरी आणायला सांगितली आहे.

तू लिहिलंस, 'झाड बघायला नाही येत. ती सुतळी बघायची आहे. ज्या सुतळीने तिला मोजलं ती हातात घ्यायची आहे. तिच्या डोक्याची गाठ बघायची आहे.'

सुतळी आहे. जपून ठेवली आहे. पण कशाला हवी तुला? जुनी झाली आहे, उंदराने थोडी कुरतडली आहे. तू ये, झाड बघ, आईच्या हातचं जेव. सुतळीचं नंतर बघू.

भिकन

•

मेहरूण
१८ एप्रिल १९९०

यशोदा,

हे पाकीट रजिस्टर्डने पाठवतोय. आत सुतळी आहे. आधी पत्र वाच, मग ती काढ. उंदराने कुरतडलेली नाही. ते मी खोटं लिहिलं.

आखाजीला नऊ दिवस आहेत. तू यायच्या आधी हे तुझ्या हातात पडायला हवं. वाचून यावंसं वाटलं तर ये. इथे येऊन, जेवून, सुतळी हातात घेऊन मग तुला कळावं, हे मला नको. तेवढा तरी प्रामाणिकपणा करतो.

ताप शुक्रवारी आला नाही. गुरुवारी आला. सात ऑगस्ट, दुपारी.

शाळेला अर्धी सुटी होती. मी तिला सायकलवर पुढे बसवून प्लॉटवर आणलं. नऊ रोपं सकाळीच भिंतींतून काढली होती, मुळं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली होती. ती त्याच दिवशी लावायला हवी होती, नाहीतर सगळी गेली असती. पावसानेही उघडीप दिली होती. त्याआधी माप हवं होतं. तिला लिंबाखाली उभं केलं. जमिनीपासून सुतळी धरली. घोट्याला एक गाठ मारली. गुडघ्याला दुसरी. ती तेव्हाच म्हणाली, "बाबा, पाय दुखताहेत." मी म्हटलं, हलू नकोस, माप चुकेल. कमरेला तिसरी. ती एका पायावर भार देऊन उभी राहिली, मी ओरडलो, सरळ उभी राहा म्हणून. कमरेवर हात ठेवून उभी राहिली ती, कारण तिला तोल सावरत नव्हता. यशोदा, ती पुण्याची बाई ज्याला निरागस म्हणाली ना, ते हे आहे. मी तेच घडवलं. तुझ्या चित्रात हात खाली सोडलेले होते. तू कधी विचारलं नाहीस मी हात का बदलले.

खांद्याला चौथी गाठ मारली. म्हटलं, आता एकच राहिली, डोक्याची. आणि ती खाली बसली. हाताला धरून उठवायला गेलो तर हात भाजत होता.

तेव्हा दवाखाना गाठता आला असता. दोन वाजले होते, सायकल होती. मी तिला अर्धी गोळी दिली, पोत्यावर झोपवलं, आणि रोपं लावली. नऊ रोपं. पाच वाजेपर्यंत. मध्ये दोनदा तिने पाणी मागितलं, ते दिलं. हे मी करत होतो तेव्हा मला काही वाईट वाटत नव्हतं. पोरांना ताप येतो, उतरतो. रोपं मात्र मेली असती. एवढंच डोक्यात होतं, आणि तेव्हा ते अगदी बरोबर वाटत होतं.

शुक्रवारी शाळेत तपासणी होती. आई तेव्हा गावी गेलेली, म्हणून शेजारच्या कमलबाईंकडे तिला ठेवून गेलो. संध्याकाळी झटके आले. शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? मी म्हटलं, कालपासून.

डॉक्टरांनाही खोटं सांगितलं, यशोदा. त्यांनी कागदावर 'एक दिवस' लिहिलं. मी उभा राहून बघितलं ते लिहिताना. दीड दिवस आधी नेलं असतं तर वाचली असती का, ते मला माहीत नाही. कुणाला विचारलंही नाही, कारण विचारायचं तर दिवस खरा सांगावा लागतो. रविवारी तू धुळ्याहून पोचलीस तोवर हे सगळं माझ्या तोंडी बसलं होतं. शुक्रवार संध्याकाळ, शुक्रवार संध्याकाळ. पुढे इतक्यांदा म्हटलं की मलाही शुक्रवारच आठवायला लागला. कमलबाईंना माहीत आहे. त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही. फक्त आमच्याकडे येत नाहीत.

आणि तुला मी म्हणालो होतो, तू इथे असतीस तरी काय फरक पडला असता. तू असतीस तर तिला गुरुवारीच नेलं असतंस. तुला मी चार वर्षं त्या कोर्सबद्दल स्वतःला दोष देऊ दिला. त्यातच तू साक्रीला नोकरी धरलीस, परत आली नाहीस, आणि मला आतून सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून टाकतो.

आता सुतळी काढ. गाठी मोज. चारच आहेत. डोक्याची गाठ नाही. ती नाहीच झाली. पहिल्या वर्षी छाटायला कात्री घेऊन उभा राहिलो तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. सुतळी खांद्यापर्यंत जाते, पुढे मोकळी. मग मी आठवायचा प्रयत्न केला. ती माझ्या शर्टाच्या कुठल्या बटणाला लागायची? तिसऱ्या? चौथ्या? दोन्ही वाटत होतं. शेवटी चौथं धरलं, आणि कापलं. त्यानंतर दरवर्षी तिथेच. एक बोट जास्त नाही, एक बोट कमी नाही, असं तुला ठणकावून लिहिलं, ते त्या बटणाच्या भरवशावर.

माझ्या पोरीची उंची मला माहीत नाही. हे लिहिताना डोळ्यांत पाणी नाही. आई विचारतेय, "काय लिखी राहिना एवढं?" म्हटलं, आखाजीला येताना काय काय आण ते लिहितोय.

भिकन

•

मेहरूण
६ मे १९९०

यशोदा,

आखाजी झाली.

पत्र मिळालं याची पोचपावती आली आहे, तुझ्या सहीची. म्हणजे वाचलंस.

तरी मी सकाळी एस.टी. स्टँडवर गेलो. साक्रीहून धुळे, धुळ्याहून जळगाव, दोन गाड्यांची वेळ जमते ती मला माहीत आहे. धुळ्याच्या पाच गाड्या बघितल्या. सगळ्यांतून बाया उतरत होत्या, हातात पिशव्या, कडेवर पोरं, घ्यायला भाऊ आलेले. तू नसणार हे माहीत असूनही मी दर गाडीच्या मागच्या दारापर्यंत गेलो. शेवटची गाडी गेल्यावर उसाचा रस प्यायलो आणि परत आलो. ऊन फार होतं.

आईने गौराई सजवली होती. सावलीत वाढवलेला गहू, पिवळा, वीतभर. पुरणपोळी, आमरस, सगळं. तुझं ताट वाढून ठेवलं. चार वाजले तेव्हा म्हणाली, "ती वाट चुकनी व्हई." मी म्हटलं, नाही आई, तिला वाट माहीत आहे. मग तिला सगळं सांगितलं. गुरुवारपासून. मला वाटलं शिव्या देईल, डोकं आपटेल. ती उठली, टोपली उचलली आणि चालत प्लॉटवर गेली. गौराई पाण्यात सोडतात, पण तिने तो गहू पिंपळाच्या पायाशी ठेवला. परत येऊन मला म्हणाली, "तुना ताटमा वाढी ठेयेल शे. खाई ले." बस. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही, आज नऊ दिवस झाले.

लिंबाचा झोका तसाच आहे. गल्लीतल्या पोरी येऊन खेळतात. त्यांना हाकलत नाही.

तू यावंस असं मी म्हणत नाही. तू आली नाहीस ते बरोबरच केलंस. फक्त यंदा जूनमध्ये छाटणी करणार नाही, एवढं कळवायचं होतं. कापायचं कुठे, हे मला आता सांगता येत नाही.

भिकन

•

मेहरूण
२४ जून १९९०

यशोदा,

तुझं पाकीट काल आलं. आत सुतळी, आणि वहीच्या कागदाचा तुकडा.

आधी कागद वाचला नाही. सुतळी काढली. गाठी मोजल्या. घोटा, गुडघा, कंबर, खांदा. आणि वर पाचवी. तुझी गाठ वेगळी आहे, तू दुहेरी मारतेस, दोरा तोडून टोक आत दाबतेस, शिवणासारखी. मग कागद वाचला.

'तीन ऑगस्टच्या रविवारी मी फ्रॉकचं माप घेतलं होतं. उंचीसुद्धा टेपने घेतली होती. माझ्या वहीत आहे. तिची उंची मला माहीत होती. एकदा तरी विचारायचं होतंस.'

तसाच सुतळी घेऊन प्लॉटवर गेलो. खोडाला लावली. जिथे मी तीन वर्षं कापलं तिथे साल काळी पडून गाठी आल्यात, ती जागा शोधावी लागत नाही. तुझी गाठ त्याच्या चार बोटं वर येते. चार बोटं. दोनदा लावून बघितली, जमीन सपाट आहे ना ते बघितलं. मी तिला दरवर्षी चार बोटं जास्त कापत होतो. ती माझ्या तिसऱ्या बटणालाच लागत होती.

तिथेच खाली बसलो. काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. झुलाल आला, पाण्याचा तांब्या ठेवून गेला. घरी आलो तेव्हा आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "धुई ले तोंड."

यंदाची पालवी तुझ्या गाठीच्याही हातभर वर गेली आहे. ती तशीच ठेवली आहे. कात्री झुलालला देऊन टाकली, कुंपणाच्या मेंदीला लागते.

तू लिहिलंस, विचारायचं होतंस. मला विचारायची भीती वाटायची, कारण एक गोष्ट विचारली की दुसरी सांगावी लागते. आता सांगायचं काही उरलेलं नाही. म्हणून विचारतो. उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव.

त्या रविवारी तू तिचं माप घेतलंस, तेव्हा ती नीट उभी राहिली होती का? पाय दुखत नव्हते ना तिचे? तू तोंडात टाचण्या धरतेस, म्हणजे तू गप्प असशील. ती काय बोलत होती?

भिकन